पितळी टिकल्या

"आता फुंक," अप्पा म्हणाले आणि वाजवणाऱ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. काही ऐकायचं असलं की ते असेच बसायचे. बोटं दिसली की कान फसतो, असं त्यांचं म्हणणं.

ज्ञानोबामास्तरांनी क्लॅरोनेट ओठांत धरली. दुपारचे चार वाजले होते. बार्शीत चैत्राचं ऊन रटरटत होतं आणि भगवंताच्या देवळामागच्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी दुकानाच्या खिडकीखाली बसून नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या कातरत होते. मास्तरांनी वरून सुरुवात केली आणि एकेक सूर उतरत खाली आले. मधल्या सप्तकापर्यंत सगळं गोड होतं. मग ते खर्जाच्या अंगाला शिरले आणि एक सूर एकदम उसळून पुढं आला. त्याच्या शेजारचा मागंच राहिला, घसा बसल्यासारखा. त्याच्या खालचा पुन्हा उघडा, टणक, पत्र्यावर खडा पडावा तसा. मास्तर थबकले. तेच सूर त्यांनी परत घेतले, आता सावकाश. परत तेच झालं.

अप्पा वळले. त्यांचा चेहरा फुलून आला होता.

"खुलला की नाही? सांग की, खुलला की नाही?"

मास्तरांनी क्लॅरोनेट खाली घेतली. रुमालानं पत्ती पुसली. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"खुललाय, अप्पा. माझ्या कानाला अजून सवय नाही, एवढंच." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सिंधू, तू सांग. तू लहानपणापासून ऐकतीयस."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. आज साठी उलटून गेली. अप्पा माझ्याकडं बघत होते, तोंड किंचित उघडं, लहान मूल शाबासकीची वाट बघतं तसे.

"छान खुललाय," मी म्हणाले.

मास्तर माझ्याकडं क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी क्लॅरोनेट कापडात गुंडाळली, अप्पांच्या पाया पडले आणि परंड्याची बस गाठायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सोलापूरच्या रेडिओ स्टेशनात त्यांची परीक्षा होती.

आम्ही जातीचे तांबट. आजोबा हंडे-घागरी ठोकायचे, अप्पांनीही तरुणपणी तेच केलं. पुढं घरोघरी स्टीलची भांडी आली, तांब्याचं काम बसलं आणि अप्पांनी बँडची वाद्यं हातात घेतली. आधी चेपलेली ट्रम्पेटं. मग सॅक्सोफोन, क्लॅरोनेट. चाव्या, स्प्रिंगा, भोकं झाकणारी पॅडं सगळं ते स्वतःच उघडून-जोडून शिकले. परंडा, भूम, कुर्डुवाडी, पार तिकडं करमाळ्यापर्यंतचे बँडवाले आमच्याकडं यायचे. नरहरी करडे म्हटलं की सुराचा माणूस, अशी त्यांची ख्याती. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं इथं नकोत. पॅडं कापणं, बसवणं, हवा गळते का बघणं, ही कामं मी करायचे. वाजवून बघायचं काम मात्र अप्पांचं.

ज्ञानोबामास्तर वायदंडे परंड्याच्या बँडचे म्होरके. वय पंचावन्नच्या आसपास. वरातीपुढं वाजवायचं आणि पंगतीच्या वेळी मांडवामागं, आपापली ताटली घेऊन वेगळं बसायचं, यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. पण माणूस एकटा असला की राग वाजवायचा. कुणा उस्तादाकडं जाऊन शिकलेला नव्हता. रेडिओवर ऐकून, गावातल्या भजनी मंडळींना विचारून विचारून शिकलेला. रेडिओची परीक्षा पास झाली असती तर निवेदिका त्यांचं नाव घेणार होती, 'क्लॅरोनेटवादन, ज्ञानोबा वायदंडे'. हे एक वाक्य त्यांना घरात सगळ्यांबरोबर बसून ऐकायचं होतं. दोनदा नापास झाले होते. ही तिसरी खेप.

परीक्षेच्या आठ दिवस आधी ते वाद्य घेऊन आले. तक्रार साधी होती. खालच्या एका चावीतून हवा गळायची, सूर फसफसायचा. एक पॅड बदललं की काम झालं असतं. अप्पांनी वाजवून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नुसती हवा नाही रे. वाद्यच सगळं दबलंय. तू ठेवून जा माझ्याकडं."

मास्तर गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, त्यांनी एकच पॅड सांगितलंय."

"तुला नाही कळायचं. इकडं ये." त्यांनी खालची मोठी चावी बोटानं उचलून धरली. "सूर या भोकातून बाहेर पडतो. पडला की त्याच्या तोंडावर काय येतं? हे पॅड. आत नमदा, वर कातडं. दोन्ही मऊ. सूर त्याच्यावर थडकतो आणि थोडा आतच मुरतो. मधोमध धातूची टिकली ठोकली की मुरत नाही, उलट फिरून बाहेर येतो. शिवाय कातडं फुगत नाही, पॅड सपाट राहतं. सॅक्सोफोनला कारखान्यातूनच बसवून येते. रेझोनेटर म्हणतात त्याला."

"सॅक्सोफोनची पॅडं बशीएवढी असतात, अप्पा. क्लॅरोनेटला कशाला लागतंय ते?"

"वरच्या चाव्यांना नाही लागत. या खालच्या चार मोठ्या आहेत ना, त्यांना लागतं. सूर खुलतो. मी काय आज करतोय का? वर्ष-दीड वर्ष झालं, कितीतरी जणांना बसवून दिल्यात."

ते खरं होतं, आणि घोडं तिथंच अडलं होतं.

दोन-अडीच वर्षांपासून अप्पांचे कान जात होते. आयुष्यभर तांब्यापितळेवर हातोडा चालवलेला माणूस. आमच्या आळीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं ते होतं. समोर बसून, तोंड दिसेल असं बोललं की त्यांना समजायचं. पण कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. मागून सायकलची घंटी वाजली तर ते रस्त्यातून हलायचे नाहीत. सुरातली धार, त्याची चकाकी आधी गेली. त्यांना सगळीच वाद्यं गोधडीखालून वाजल्यासारखी वाटायला लागली, आणि तो दोष त्यांनी वाद्यांवर टाकला. मग पितळी पत्रा कातरून, शर्टाच्या गुंडीएवढ्या टिकल्या ठोकून ते प्रत्येकाच्या पॅडात बसवायला लागले. टिकल्या देखण्या असायच्या. हातात काही कमी झालं नव्हतं. पण आपल्या कानाला फरक पडेपर्यंत ते टिकली अधिकाधिक फुगीर करायचे. ती भोकात डोकवायची, आणि मग एक सूर उसळायचा, दुसरा गुदमरायचा.

बँडवाले यायचे कमी झाले. कुणी तोंडानं काही बोललं नाही. नवीन काम घेऊन येईनात, एवढंच. अप्पा म्हणायचे, सीझन मंदा आहे. मी म्हणायचे, हो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तर वाद्य घेऊन गेल्यावर अप्पांनी एकाला दोन कप चहा घेतला. "या खेपेला पास होणार बघ तो," असं तीनदा म्हणाले. मला भाकरी थापवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसनं मी सोलापूरला गेले. मावशीला बघून येते, असं अप्पांना सांगितलं. पिशवीत चार साधी पॅडं, लाखेची कांडी, स्पिरिटचा दिवा, पेचकस आणि सिगारेटच्या कागदांची पुडी होती. बसमध्ये गर्दी होती, वैरागपर्यंत उभीच होते. आपण काय करायला निघालोय हे मनात नीट मांडतासुद्धा येत नव्हतं. मास्तर भेटले नाहीत तर बरं, असंही एकदा वाटून गेलं.

ते भेटले. रेडिओ स्टेशनच्या फाटकाबाहेर लिंबाखाली चहाची टपरी होती, तिच्या बाकड्यावर बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी, मांडीवर कापडात गुंडाळलेली क्लॅरोनेट. मला बघून उठून उभे राहिले.

"अप्पांना काय झालं?"

"अप्पा बरे आहेत. मास्तर, मी काल खोटं बोलले. वाद्य बिघडलंय. खालचे सूर एकसारखे नाहीत. मी पॅडं आणलीत, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. द्या इकडं."

एका दमात बोलून टाकलं. मास्तर परत बाकड्यावर बसले.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच फुंकीला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? अप्पा, तुम्हाला ऐकू येईना झालंय, असं त्यांच्या तोंडावर बोलू? तीस वर्षं झाली पोरी. एक काळ असा होता, वाद्य घेऊन दुकानात गेलो तर लोक मला पायरीवर उभं करायचे. अप्पांनी पहिल्या दिवशी आत बोलावून त्यांच्या स्टुलावर बसवलं होतं."

"आणि आज तसंच वाजवणार होतात?"

"खालचे सूर टाळून वाजवायचं म्हणत होतो. मधल्यातच फिरत राहायचं." ते हसले, पण हसण्यात काही जीव नव्हता. "मी तुला विचारलं काल. वाटलं, तू बोलशील. तू लेक आहेस, तुझं ते ऐकतील."

मी हात पुढं केला. त्यांनी क्लॅरोनेट दिली.

टपरीवाल्यानं बाकड्याचं एक टोक मोकळं करून दिलं. मी दिवा पेटवला. वारा होता, म्हणून मास्तर टोपी आडवी धरून उभे राहिले. एकेक चावी काढायची, तिची वाटी तापवायची, लाख पाघळली की टिकलीचं पॅड बाहेर पडायचं. तिथं लाखेचा थेंब टाकून साधं पॅड बसवायचं, चावी परत लावायची, दाबून धरायची, आणि सिगारेटचा कागद चिमटीतून ओढून बघायचा की सगळीकडून सारखा अडतोय का. चौथं पॅड एका बाजूनं सुटत होतं, ते तीनदा करावं लागलं. हाताला चटका बसला. दहा वाजून गेले होते.

मास्तर फाटकापासून लांब, कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि वरून खालपर्यंत एकदाच वाजवलं. सूर पायऱ्या उतरावेत तसे आले. सगळ्या पायऱ्या सारख्या. ते परत आले तेव्हा डोळे ओले होते.

"बरं केलंस," म्हणाले. "आता हरलो तर मीच हरलो. नाहीतर मरेपर्यंत मनात अप्पांवर ढकलत बसलो असतो."

ते आत गेले. मी थांबले नाही. दुपारी तीनला बार्शीत पोचले तर दुकान अर्धं उघडं होतं आणि अप्पा कामाच्या जागेवर नुसतेच बसले होते. पुढ्यात पॅडांचा खण ओढलेला. त्यातली चार कमी होती, आणि दिव्याची जागा रिकामी होती.

"मावशी बरी आहे?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून त्यांची पॅडं काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. टिकल्या उन्हात चमकत होत्या. अप्पांनी एक उचलली, अंगठ्यानं तिचा फुगवटा चाचपला.

"ज्ञानोबानं बोलावलं तुला?"

"नाही. मीच गेले."

"वाजवून बघितलं?"

"हो. आता नीट आहे."

टिकली त्यांनी उन्हात फिरवून बघितली. मग म्हणाले, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"माझे कान जाऊन."

मी समोर बसले. "दोन वर्षं होऊन गेली, अप्पा."

"आणि रोज मी विचारत होतो तुला. कसं वाजतंय, कसं वाजतंय. तू म्हणायचीस, छान."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"बाकीच्यांना माहीत आहे?"

"बहुतेक."

त्यांनी टिकली खाली ठेवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कान गेले ते म्हातारपणानं गेले," ते म्हणाले. "त्याला इलाज नाही. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खोटं ऐकवलंत. तेवढं तरी मला खरं ऐकू येत होतं ना गं, समोर बसून बोललेलं? तिथंही खोटंच."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे.

"चल."

"कुठं?"

"कुर्डुवाडीला. तिथून पुढं एकेक. टिकल्या बसवलेली वाद्यं आठ आहेत, ज्ञानोबाचं सोडून. नावं मला पाठ आहेत. माझ्या हातानं बसवल्यात, माझ्या हातानं काढीन. वाजवून तू बघायचंस. आणि छान म्हणायचं नाही. काय असेल ते म्हणायचं."

तो सगळा उन्हाळा आमचा एसटीत गेला. अप्पा सदुसष्ट वर्षांचे होते. पत्र्यासारख्या तापलेल्या बसमध्ये खिडकीशी बसून ते डुलक्या काढायचे, मी पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. गावात उतरून विचारत विचारत जायचं. घरात गेलं की अप्पा पाणीही प्यायच्या आधी सांगायचे, "माझा कान गेलाय. तुझ्या वाद्याला मी नसतं काम करून ठेवलंय. दे, काढून देतो." पहिल्या घरी हे वाक्य ते खाली बघून बोलले. तिसऱ्या-चौथ्या घरापासून ते सवयीनं बोलायला लागले. मला ते ऐकवायचं नाही. मी बाहेर बघत बसायचे.

कुणी म्हणायचं, असू द्या अप्पा, चालतंय की. कुणी खाली मान घालायचं. करमाळ्याच्या एकानं तर साफ नकार दिला. "माझ्या बँडात सहा ढोल हायत. मला असाच बोंबलणारा पाहिजे, हात लावू नका," म्हणाला. त्या एका घरातून अप्पा हसत बाहेर पडले. "निदान एक तरी गिऱ्हाईक खूश आहे," म्हणाले. बसमध्येही आठवून आठवून हसत होते.

मधे एकदा ज्ञानोबामास्तर येऊन गेले. रेडिओचं पत्र आलं होतं. निवड झाली नव्हती. त्यांनी ते अप्पांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, स्पष्ट सांगितलं.

"वाद्य कसं वाजलं?" अप्पांनी विचारलं.

"वाद्य चांगलं वाजलं. तालात मी दोनदा घसरलो. बँडची सवय, अप्पा. पाय चालल्याशिवाय लय सापडत नाही."

"परत देणार परीक्षा?"

"आता नको वाटतंय," मास्तर म्हणाले. आणि दोघं म्हातारे चहा पीत बसले. मास्तर गेल्यावर मला म्हणाले, "खरं बोलला."

शेवटचं घर भूमचं होतं. लिंबाजी कसबे. अप्पांच्या जवळपास वयाचा माणूस, त्या भागात लग्नसराईत त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. अप्पांनी सगळ्यात आधी टिकल्या बसवल्या त्या त्याच्याच क्लॅरोनेटला. आम्ही विचारत गेलो तर गावाच्या कडेला पत्र्याचं घर निघालं. दारात लिंबाजीची बायको, अंजनाबाई, तांदूळ निवडत होत्या. कपाळ मोकळं होतं. मला कळलं. अप्पांच्या ते ध्यानात आलं नाही.

"लिंबाजी आहे का?"

त्या उठल्या. "अप्पा, तुम्हाला निरोप नाही पोचला? होळीला गेले की. छातीत दुखायचं निमित्त झालं."

अप्पांना नीट ऐकू आलं नाही. मी सांगितलं. ते ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अंजनाबाईंनी पाणी आणलं. ते पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "वाद्य आहे का घरात?"

"आहे. पेटीत ठेवलंय."

"आणा इकडं."

"आता कोण वाजवणार हाय, अप्पा? पोरं पुण्याला कंपनीत गेली. राहू द्या."

"राहू कसं देऊ? ते माझ्या हातून बिघडलंय."

त्यांनी पेटी आणून दिली. अप्पांनी ओट्यावरच दिवा मांडला. मी करते म्हटलं तर हात झटकला. इतर घरी अर्ध्या-पाऊण तासात व्हायचं ते काम त्या दिवशी दीड तास चाललं. एकेक चावी त्यांनी कापडानं पुसली. वापर नसल्यानं स्प्रिंगा गंजल्या होत्या, त्यांना तेल दिलं. सांध्यावरची बुचाची पट्टी निघाली होती, ती चिकटवली. जणू लिंबाजी संध्याकाळी येऊन घेऊन जाणार होता. मग क्लॅरोनेट माझ्या हातात दिली.

मला गाणं वाजवता येत नाही. वरून खाली आणि खालून वर, तेवढंच येतं. मी तेवढंच वाजवलं, सावकाश, दोनदा. सूर स्वच्छ होते. खर्ज भरलेला, गोल.

अंजनाबाई चहाचा कप घेऊन आतून येत होत्या. उंबऱ्यावरच थांबल्या.

"असा वाजायचा," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या, हळू. "आधी असाच वाजायचा. शेवटचं दीड वरीस नुसती कुरकुर चालायची. खालच्या अंगाला गेले की सूर फाटायचा. मला म्हणायचे, अंजने, माझे ओठ गेले गं. दम गेला. दिवसदिवस बसून तेच तेच वाजवायचे, आणि शेवटी ठेवून द्यायचे. लग्नाच्या सुपाऱ्या घेणं सोडलं. मीच म्हणायची, वय झालं, सोडा आता. मला काय माहीत?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. अप्पा खाली मान घालून पेचकस पुसत होते. त्यांनी वर बघितलं. बाईंचं तोंड हललेलं त्यांना दिसलं होतं.

"काय म्हणाल्या गं?"

अंजनाबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. नको सांगू. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, म्हाताऱ्या अप्पांची दया होती. आणि मलाही तेच पाहिजे होतं. 'वाद्य नीट वाजतंय म्हणाल्या,' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. खोटंही नव्हतं ते. अप्पा समाधानानं उठले असते, साडेचारची बस मिळाली असती, आणि ती सगळी वणवण तिथं संपली असती. मी इतकी थकले होते की ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

मी अप्पांच्या पुढ्यात उकिडवी बसले, तोंड दिसेल अशी, आणि सगळं सांगितलं. ओठ गेले म्हणायचे ते, दिवसदिवस बसायचे ते, सुपाऱ्या सोडल्या ते. एकही शब्द गाळला नाही.

अप्पांनी ऐकलं. पेचकस पिशवीत ठेवला. दिवा फुंकला. मग ओट्याचा आधार घेऊन उठले आणि अंजनाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"असं नका करू, अप्पा," त्या मागं सरकत म्हणाल्या. "तुम्ही काय मुद्दाम केलंत का? खाली घ्या हात."

अप्पांना ते ऐकू गेलं नाही. ते तसेच हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. अंजनाबाई हातात चहा धरून रडत, त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या, हात खाली घ्या. मी मधे पडले नाही. बस केव्हाच गेली होती.